दुसऱ्या ऑपरेशनचं बिल

पोटाचं ऑपरेशन होतं, पाचव्या-सहाव्या दिवशी रुग्णाला पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं आणि घरच्यांना कारण सांगितलं जातं ते एवढंच: ‘कॉम्प्लिकेशन झालंय.’ त्या घटकेला पैशांचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. बिल हातात पडतं ते डिस्चार्जच्या दिवशी. त्यात थिएटर चार्जेस दोनदा, भूलतज्ज्ञांची फी दोनदा, सर्जनची फी दोनदा लागलेली असते. आयसीयूचे नऊ दिवस असतात आणि त्या नऊही दिवशी सकाळ-संध्याकाळ ‘सर्जन व्हिजिट’ लावलेली असते. ज्या सर्जनने घातलेले टाके सुटले, त्याच सर्जनची. वाद पेटतो तो या ओळीवरून.

नातेवाईक म्हणतात, ‘चूक तुमची, मग पैसे आम्ही का मोजायचे?’ रुग्णालय म्हणतं, ‘चूक नाही, हा ऑपरेशनमधला माहीत असलेला धोका आहे. फॉर्मवर लिहिलं होतं, तुम्ही सही केलीत.’ दोघं एकमेकांवर ओरडत असले तरी एका बाबतीत त्यांचं एकमत असतं. चूक असेल तर बिल माफ आणि चूक नसेल तर बिल पूर्ण, हे दोघांनीही धरूनच चाललेलं असतं. मला हे गृहीतकच मान्य नाही. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कोणी सोसायचा हा एक प्रश्न आणि हलगर्जीपणा झाला का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दोष कोणाचा हे न विचारता, पहिल्या ऑपरेशनच्या आधीच लेखी ठरलेलं असलं पाहिजे. दुसऱ्याचं उत्तर सावकाश, सगळे कागद पुढ्यात घेऊन, तिऱ्हाइतांनी शोधलं पाहिजे. आज हे दोन्ही प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी, बिलिंग काउंटरवर, तासाभरात एकमेकांच्या बदल्यात मिटवले जातात, आणि त्यात पैशांचाही न्याय होत नाही आणि सत्यही बाहेर येत नाही.

आधी गुंतागुंतीबद्दल. आतड्याचा खराब झालेला भाग काढून दोन टोकं जोडली की तो जोड गळण्याची शक्यता असतेच. हात कितीही सफाईचा असो, रुग्णाला मधुमेह असेल, तो कुपोषित असेल, स्टेरॉइडवर असेल, तर जखम नीट भरत नाही आणि जोड न धरण्याचा धोका वाढतो. जखमेत पू होणं, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, ऑपरेशननंतर आतून रक्तस्राव होणं, यांतलं काहीच शून्यावर आणता आलेलं नाही. म्हणून ‘गुंतागुंत झाली, म्हणजे डॉक्टरने घाण केली’ हे वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं. ते रागाच्या भरात बोललं जातं हे मला समजतं, पण त्यावर दावा उभा राहत नाही.

मग खोट असते कुठे? याचं फार चांगलं उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासातून मिळालं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८४,७३० रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. जिथे मृत्युदर सगळ्यात जास्त आणि जिथे सगळ्यात कमी, अशा रुग्णालयांची तुलना केली तेव्हा गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, २४.६ टक्के आणि २६.९ टक्के. (ज्यांचा मृत्युदर कमी, त्यांच्याकडे गुंतागुंत किंचित जास्तच होती, हेही लक्षात घ्या.) फरक पडला तो त्यानंतर. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी वाईट रुग्णालयांत २१.४ टक्के दगावले आणि चांगल्या रुग्णालयांत १२.५ टक्के. म्हणजे संकट दोन्हीकडे सारखंच येत होतं. फरक असावा तो ते वेळेत ओळखून निस्तरण्यात.

हा आकडा मला या सगळ्या वादातला सर्वांत उपयोगी आकडा वाटतो, कारण चौकशी कशाची करायची ते त्यातून कळतं. टाका का सुटला यावर दोन तज्ज्ञ दोन वर्षं भांडू शकतात. पण चौथ्या दिवशी रात्री नाडी १२० वर गेली होती, पोट फुगलं होतं, लघवी कमी झाली होती आणि सीटी स्कॅन सहाव्या दिवशी दुपारी झाला, तर मधल्या चाळीस तासांत कोणी बघितलं, कोणी कोणाला फोन केला आणि काय ठरलं, हा प्रश्न साध्या माणसालाही विचारता येतो. त्याचं उत्तर कागदावर असतं, किंवा कागदावर नसतं. नसणं हीसुद्धा माहितीच.

आणि इथे ज्या बिलावरून भांडण चालू असतं, तेच बिल कामाला येतं. तपशीलवार बिल म्हणजे पानभर एकूण रकमा नव्हेत, तर तारीखवार, शक्य असेल तर वेळेसकट, प्रत्येक वस्तूची नोंद. मोठं अँटिबायोटिक फार्मसीतून कधी निघालं, रक्ताची पिशवी कधी मागवली, लॅबला सीआरपीचा (शरीरातली सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) नमुना कधी गेला, स्कॅनची एंट्री किती वाजताची, हे सगळं त्यात असतं. केसपेपरवर मागाहून एखादी ओळ घुसडणं अवघड नाही. पण फार्मसी, लॅब, रेडिओलॉजी आणि बिलिंग या चारही ठिकाणच्या संगणकांतल्या वेळा जुळवून बदलणं सोपं नसतं. नर्सिंग चार्टवरचा ताप आणि नाडी एका बाजूला मांडायची, बिलातल्या तारखा दुसऱ्या बाजूला मांडायच्या आणि दोन्ही रकाने ओळीने वाचत जायचं. उशीर झाला असेल तर तो तिथेच दिसतो. उशीर झाला नसेल तर तेही दिसतं, आणि मग डॉक्टरांवरचा संशय सोडून देण्याइतका प्रामाणिकपणा नातेवाइकांनी दाखवला पाहिजे. बिलातला आकडा बघून संतापणारे पुष्कळ असतात, पण या कामासाठी बिल वाचणारे मी फार थोडे पाहिलेत.

म्हणून पहिली मागणी सूट मिळवण्याची नसावी, कागदांची असावी. इनडोअर केसपेपर, दोन्ही ऑपरेशनच्या नोंदी, भुलीचा चार्ट, नर्सिंग चार्ट, सगळे रिपोर्ट, संमतीपत्रं आणि तपशीलवार बिल. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. तो सारांश असतो आणि सारांशात कोणीही स्वतःबद्दल वाईट लिहीत नाही. भारतात वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचरणाचे २००२चे नियम सांगतात की नोंदी तीन वर्षं जपून ठेवायच्या आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायच्या. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. भाषा साधी, आरोप न करता. ‘आम्ही तुम्हाला कोर्टात खेचणार आहोत’ असं पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिलं की पुढचं सगळं वकिलांच्या हातात जातं.

आता पैशांकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

रुग्णालयाचं बिल ज्या पद्धतीने बनतं त्यात गुंतागुंत ही उत्पन्नाची बाब असते. हे वाक्य कडवट वाटेल, पण त्यामागे आकडे आहेत. अमेरिकेतल्या एका बारा रुग्णालयांच्या समूहाचा २०१० सालचा हिशेब तपासणारा अभ्यास २०१३ साली आला. ३४,२५६ ऑपरेशनच्या रुग्णांपैकी ५.३ टक्क्यांना ठरावीक गंभीर गुंतागुंतींपैकी एक तरी झाली होती. खासगी विमा असलेल्या ज्या रुग्णाला गुंतागुंत झाली, त्याच्यामागे रुग्णालयाच्या हाती, वाढत्या खर्चाची वजावट करून, सरासरी ३९,०१७ डॉलर जास्त उरले. त्याच रुग्णालयांत मेडिकेअर या सरकारी योजनेच्या रुग्णामागे हा फरक १,७४९ डॉलर होता. रुग्णालयं तीच आणि दुखणीही तीच, फरक होता तो पैसे देण्याच्या पद्धतीत. कोणी सर्जन पैशांसाठी टाके सैल घालतो असा याचा अर्थ मुळीच नाही. असं म्हणणाऱ्याने सर्जनला रात्री दोन वाजता स्वतःचंच ऑपरेशन पुन्हा उघडताना पाहिलेलं नसतं. अर्थ एवढाच की संसर्ग कमी करायला माणसं नेमावीत, रात्रपाळीला एक ज्येष्ठ डॉक्टर ठेवावा, नर्सची संख्या वाढवावी, असं कोणी व्यवस्थापनापुढे मांडलं, तर हिशेबाच्या वहीत त्याने काही वाचत नाही, उलट उत्पन्न घटतं. चांगलं काम करणाऱ्याला तोटा होईल अशी पद्धत आपण चालवून घेतो आणि मग डॉक्टरांच्या नीतिमत्तेवर भाषणं ठोकतो.

यावर उपाय नवीन नाही. मेडिकेअरमध्ये मोठ्या ऑपरेशनच्या सर्जनची फी ठरते ती पुढचे ९० दिवस धरून. त्या काळात झालेल्या गुंतागुंतीसाठी थिएटरमध्ये परत न्यावं लागलं नाही, तर वेगळी फी नाही. न्यावं लागलंच तर पैसे मिळतात, पण कमी. म्हणजे रोजच्या दोन ‘व्हिजिट’ तिथे लागतच नाहीत. १ ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने आणखी एक पाऊल टाकलं. पोटात राहिलेला स्पंज किंवा हत्यार, चुकीच्या गटाचं रक्त, बायपासनंतर छातीत झालेला संसर्ग, रुग्णालयात झालेल्या खोल शय्याजखमा अशी एक यादी केली आणि सांगितलं की दाखल होताना हे नव्हतं आणि नंतर झालं, तर त्यापायी वाढणारी रक्कम आम्ही देणार नाही. यात कोणाची हलगर्जी सिद्ध करायची गरज ठेवली नाही, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे. त्याआधी, २००६ साली, पेनसिल्व्हेनियातल्या गायसिंगर या रुग्णालय समूहाने ठरवून केलेल्या बायपास ऑपरेशनसाठी एकच ठरावीक रक्कम घ्यायला सुरुवात केली होती, आणि पुढच्या ९० दिवसांत त्याच कारणाने उद्भवलेल्या गुंतागुंतीचा उपचार त्याच रकमेत बसवला. सोबत त्यांनी स्वतःलाच बांधून घेतलं: प्रत्येक बायपासमध्ये ठरलेल्या चाळीस पायऱ्या पाळल्या गेल्या की नाही ते तपासायचं.

म्हणजे करता येतं. करायचं कसं, यालाही तयार चौकट आहे. २००४ साली झुरिचच्या सर्जन मंडळींनी गुंतागुंतीची एक प्रतवारी पक्की केली, जी आज जगभरच्या शोधनिबंधांत वापरतात. पहिल्या पायरीला विशेष काही करावं लागत नाही. दुसरीला औषधं किंवा रक्त द्यावं लागतं. तिसरीला नळी घालणं, एंडोस्कोपी किंवा पुन्हा ऑपरेशन. चौथी म्हणजे जिवावर बेतून आयसीयू. पाचवी म्हणजे मृत्यू. गंमत अशी की ही प्रतवारी गुंतागुंत ‘कोणामुळे झाली’ हे विचारतच नाही. ती निस्तरायला काय करावं लागलं, एवढंच मोजते. म्हणजे अर्धं बिलच झालं ते! सर्जन परिषदांमध्ये आपले निकाल याच भाषेत मांडतात. तीच भाषा दाखल होताना रुग्णापुढे ठेवलेल्या अंदाजपत्रकात आणली तर काय बिघडेल? पहिल्या दोन पायऱ्यांचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला. तिसऱ्या पायरीला सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटर यांची फी नाही, वापरलेली औषधं आणि साहित्य खरेदीच्या दरात. चौथ्या पायरीला आयसीयूचा दर निम्मा किंवा ठरावीक दिवसांपुरता. नेमके आकडे प्रत्येक रुग्णालयाने आपापले ठरवावेत, माझा आग्रह आकड्यांचा नाही. ते आधी लिहिलेले असावेत आणि त्यात ‘दोष’ हा शब्द कुठेही नसावा, एवढाच.

‘पण संमतीपत्रावर सही आहे ना?’ हे उत्तर फार ऐकू येतं, म्हणून त्याचंही बघू. जोड गळू शकतो हे मला सांगितलं होतं आणि मी सही केली, म्हणजे तो धोका मला माहीत होता. गळल्यावर त्याचे पैसे कोण देणार, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नसतं. आणि धोका माहीत होता म्हणून तो निस्तरताना झालेला उशीरही मला मान्य होता, असा अर्थ तर कुठल्याच कायद्यात निघत नाही. बिलात हातमोज्यांच्या जोड्या मोजून लावणाऱ्या व्यवस्थेने एवढा मोठा करार मुक्यामुक्याने झाल्याचं सांगावं, हे काही पटत नाही.

याला विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. खर्च रुग्णालयाच्या माथी टाकला की ते जोखमीचा रुग्ण घेणारच नाही. ऐंशी वर्षांचे, मूत्रपिंड अधू असलेले, दोनदा पोट उघडलेले आजोबा दारोदार फिरतील आणि प्रत्येक जण ‘मोठ्या सेंटरला न्या’ म्हणेल. ही भीती पोकळ नाही. म्हणूनच दर जोखमीनुसार वेगळा ठेवावा लागेल, आणि तातडीची ऑपरेशनं या पद्धतीतून सुरुवातीला बाहेर ठेवावी लागतील. फुटलेलं आतडं घेऊन मध्यरात्री आलेल्या माणसाच्या बाबतीत कसली हमी मागणार? ठरवून केलेली, ठरावीक पद्धतीची ऑपरेशनं मात्र याखाली सहज येतात: पित्ताशय, हर्निया, गुडघा, गर्भाशय, बायपास. दुसरा आक्षेप असा की सगळ्यांचंच बिल वाढेल. हो, थोडं वाढेल. शंभरातल्या पाच जणांवर कोसळणारा खर्च शंभर जणांत वाटला जाईल. ऑपरेशनला जाताना आपण त्या पाचांत असू की पंच्याण्णवांत हे कोणालाच ठाऊक नसतं. मी तरी ती थोडी जास्त रक्कम आनंदाने भरेन.

या मांडणीने हलगर्जीचा प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. तो मोकळा होतो. आज बिल माफ होण्यासाठी नातेवाइकांना ‘चूक’ म्हणावीच लागते आणि बिल वसूल होण्यासाठी रुग्णालयाला ‘चूक नाही’ म्हणावंच लागतं. पैसे बाजूला झाले की दोन्हीकडची तोंडं जरा सैल होतात. नाडी १२० वर असताना वरिष्ठांना का कळवलं नाही, हे रुग्णालयातल्या एखाद्या भल्या डॉक्टरलाही विचारावंसं वाटत असतं. बिलाचा वाद चालू असताना तो ते विचारू शकत नाही.

पैसा आणि दोष वेगळे काढून बघता येतात याचं एक उदाहरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २००८ मधल्या निकालात आहे. दिल्लीतल्या एका दवाखान्यात एका महिलेची दुर्बिणीतून तपासणी चालू होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांना आत आजार पसरलेला दिसला. बाहेर तिची आई बसली होती. आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजकोष काढून टाकले. पुढे घडलं ते या लेखाच्या वाचकाला ओळखीचं वाटेल: बिल न भरता रुग्ण बाहेर पडली, डॉक्टरांनी पोलिसांत तक्रार केली, मग तिने केली, मग नुकसानभरपाईचा दावा. १९९५ सालचं प्रकरण शेवटाला गेलं २००८ मध्ये. न्यायालयाने ऑपरेशन वैद्यकीय दृष्टीने चुकीचं ठरवलं नाही. डॉक्टरांनी ते सद्हेतूने केलं हेही मान्य केलं. पण रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं. ती संमती आईला देता येत नव्हती. निकाल असा की डॉक्टरांनी बिलाची रक्कम घेतली असेल तर ती व्याजासह परत करायची आणि वर २५ हजार रुपये भरपाई द्यायची. हात चुकला नाही, तरी पैसे घेण्याचा हक्क गेला. भरपाईचा आकडा बघून कोणाचंही मन विषण्ण होईल. तरीही बिलाबद्दलचं त्यातलं तर्कशास्त्र मला खणखणीत वाटतं.

खरा हलगर्जीपणा सिद्ध करणं अवघड असतं आणि ते अवघडच असावं. इंग्लंडमध्ये १९५७ साली रुळलेली कसोटी भारतातही मानली जाते: त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांचा एक गट जे योग्य मानेल ते डॉक्टरने केलं असेल, तर दुसऱ्या गटाने वेगळं केलं असतं एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. त्यामुळे तज्ज्ञाचं मत लागतंच. पोटात स्पंज राहणं, डाव्याऐवजी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होणं, अशा घटना स्वतःच बोलतात, तिथे तज्ज्ञ लागत नाही. बाकी ठिकाणी आधी दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या रुग्णालयातल्या त्याच शाखेच्या डॉक्टरला कागद दाखवावेत, आणि ‘यांनी चूक केली का’ असं न विचारता ‘तुम्ही असता तर कधी काय केलं असतं’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला कोणीही उत्तर देत नाही. दुसऱ्याला बरेच जण देतात.

भारतात १९९५ सालापासून फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते आणि तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तेवढा वेळ कागद वाचायला पुरतो. तरीही लोक पहिली धाव पोलीस ठाण्याकडे घेतात. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, ढळढळीत बेपर्वाई लागते आणि तक्रारीला दुसऱ्या जाणत्या डॉक्टरच्या मताचा आधार लागतो. बिल कमी करून घेण्यासाठी फौजदारीची धमकी देणं ही तर सरळ खंडणीची भाषा झाली. काचा फोडणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्या काचांच्या आवाजात केसपेपर हरवतात आणि ज्याला लपवायचं आहे त्याची सोय होते.

रुग्णालयांची बाजूही तेवढीच वाईट आहे. त्यांच्याकडची नेहमीची चाल म्हणजे सूट. ‘सर बोललेत, चाळीस टक्के कमी करतो, फक्त इथे सही करा.’ त्या कागदावर लिहिलेलं असतं की उपचारांबद्दल आमची काहीही तक्रार नाही आणि पुढे राहणार नाही. थकलेला माणूस सही करतो. त्याला वाटतं माणुसकी दाखवली. रुग्णालयाला वाटतं प्रकरण मिटलं. चौथ्या रात्री काय झालं ते कोणीच विचारत नाही आणि पुढच्या महिन्यात त्याच वॉर्डात, त्याच रात्रपाळीला, तेच पुन्हा होतं. सूट घ्यायला हरकत नाही. पण सूट आणि तक्रार न करण्याची हमी एकाच कागदावर आली की तो कागद घरी नेऊन वाचायचा, काउंटरवर सही करायची नाही. पैसे भरावेच लागले तर ‘हरकत नोंदवून भरत आहोत’ असं पावतीसोबतच्या पत्रात लिहायचं आणि त्याची पोच ठेवायची.

माफी मागितली तर ती कोर्टात आपल्याविरुद्ध वापरली जाईल, ही रुग्णालयांची भीती समजण्यासारखी आहे. त्यावर इंग्लंडने २००६ च्या कायद्यात एका ओळीत तोडगा काढला: माफी मागणं, उपचार देऊ करणं किंवा अन्य भरपाई देऊ करणं, एवढ्याने निष्काळजीपणा कबूल केला असं होत नाही. म्हणजे दुसरं ऑपरेशन फुकट करून देणं हा कबुलीजबाब ठरत नाही. असं एक वाक्य कायद्यात आलं, तर बिलं माफ करायला घाबरणाऱ्या कितीतरी प्रामाणिक सर्जनना हायसं वाटेल. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून याही पुढे जाऊन पाहिलं. गुंतागुंत झाली की आपणच चौकशी करायची, चूक आढळली तर रुग्णाला सांगायचं आणि भरपाई देऊ करायची, चूक नसेल तर कोर्टात ठामपणे लढायचं. दावे वाढतील अशी सगळ्यांना धास्ती होती. झालं उलटं. एक लाख रुग्णभेटींमागे दर महिन्याला येणाऱ्या दाव्यांचं प्रमाण ७.०३ वरून ४.५२ वर आलं. न्यूझीलंडने तर २००५ साली भरपाईच्या कायद्यातून ‘वैद्यकीय चूक’ सिद्ध करण्याची अटच काढून टाकली. उपचारामुळे इजा झाली का, एवढंच तिथे बघतात. पण ती सरकारने चालवलेली मोठी व्यवस्था आहे, उद्या सकाळी उभी राहणारी नाही.

उद्या सकाळी जे करता येईल ते विमा कंपन्यांना करता येईल. कॅशलेस असलं की घरचे म्हणतात, ‘आपल्या खिशातून कुठे जातंय?’ आणि दुसऱ्या ऑपरेशनचं बिल न वाचता मंजूर होतं. वर्षाची विमा रक्कम त्यात संपते, पुढच्या सहा महिन्यांत खरं दुखणं आलं की हात रिकामे. विमा कंपनीकडे कुठल्या रुग्णालयात कुठल्या ऑपरेशननंतर किती जणांना पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं, याची माहिती दाव्यांच्या कागदांत पडून असते. रुग्णाकडे ती कधीच नसते. कंपन्या आज ती हातमोजे आणि सुया बिलातून कापायला वापरतात. त्याऐवजी रुग्णालयाशी दरवर्षी करार करताना एक कलम घालावं: ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर नव्वद दिवसांत त्याच कारणासाठी पुन्हा ऑपरेशन लागलं, तर सर्जनची, भूलतज्ज्ञाची आणि थिएटरची फी आकारायची नाही, रुग्णाकडूनही नाही. रुग्णालयं कुरकुर करतील, काही जण पॅनेलवरून बाहेर पडतील. जे राहतील, त्यांच्या रात्रपाळीला ज्येष्ठ डॉक्टर दिसायला फार दिवस लागणार नाहीत.